कवचातली भेट

श्यामरावांनी दोन्ही हात पसरले आणि तुलारामचे हात काही वर आले नाहीत. घडलं ते एवढंच. भंडाऱ्यात, धाकट्या पोराच्या साक्षगंधात, शंभरेक माणसांच्या देखत अड्याळचे नवे व्याही हसत पुढे आले. धोतराचा सोगा सावरून त्यांनी हात पसरले, बाया एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या, कारण व्याहीभेट बघायला सगळ्यांनाच गंमत वाटते. आधी उजवा खांदा, मग डावा, आणि दोन्ही वेळा छातीला छाती नीट भिडली पाहिजे. झाडीपट्टीत ही भेट सैल झालेली खपत नाही. सैल भेटला की मागे बसलेली म्हातारी माणसं लगेच म्हणतात, इवायाचं मन नाही दिसत. तुलारामला हे सगळं ठाऊक होतं. त्याचं मन होतं, सोयरीक त्यानंच जुळवून आणली होती. पण हात मांड्यांना चिकटून राहिले, बोटं आत वळली, आणि श्यामराव त्याच्या छातीला येऊन लागले तेव्हा त्याच्या तोंडून एवढंच निघालं, 'हळू जी, हळू.' श्यामरावांना वाटलं म्हातारपणी पाठ धरली असेल. ते हसले, मागे सरले, पान खायला बसले. पण ते हसू ओठावरच राहिलं होतं, आणि तुलारामनं ते पाहिलं.

घरी आल्यावर बायकोनं, जानकीबाईनं, तोंड सोडलं. ती गप्प बसणारी बाई नव्हे, आणि तिचं काही चुकतही नव्हतं. 'काय झालं होतं जी तुमाले? लोकायसमोर खांबासारखे उभे राहिले. अड्याळवाले काय म्हनतीन?' तुलाराम म्हणाला, 'हात आखडला.' ती म्हणाली, 'आठ वर्ष झाले, तुमी कोनालेच धरत नाई. नातवाले कडेवर घेत नाई. मले काय दिसत नाई काय?' तो उठून मागच्या अंगणात गेला आणि उगाच मोरीवर पाणी ओतत बसला. आठ वर्षं. म्हणजे तिनं मोजली होती. त्याला वाटत होतं, फक्त आपणच मोजतो. मग त्यानं ठरवलं, किंवा ठरवलं असं आपलं म्हणायचं, ठरलेलं बहुधा मांडवातच होतं. लग्नाचं बोलावणं द्यायला पहिल्या व्याह्याच्या घरी, एकोडीला, स्वतः जायला हवं होतंच. पत्रिका टपालानं धाडली तर मोठी लेक शेवंता सासरी खाली मान घालील. तो जाणार होता, विहिणीच्या हातात अक्षता देणार होता आणि तिथंच, त्या घरात, जे सांगायचं ते सांगून टाकणार होता.

साकोलीच्या एसटीत त्याला खिडकी मिळाली. वैनगंगेचा पूल गेला, पाणी खाली सरकलं होतं, वाळूत टरबुजांच्या वाड्या लागल्या होत्या. शेजारी एक माणूस चुना-तंबाखू मळत बसला होता, आणि गाडीला हिसका बसला की त्याचं कोपर तुलारामच्या कुशीत रुतायचं. प्रत्येक वेळी तुलाराम आणखी आक्रसायचा. स्वतःचं अंग लहान करायची त्याची ही जुनी खोड होती. लहान होणं त्याला कधी जमलं नव्हतं, कारण देवानं त्याला देहच असा दिला होता, सव्वासहा फूट उंच आणि दाराची चौकट भरून टाकणारा. पोलिसात भरती झाला तोही या देहावर, आणि शहरात मुख्यालयात बदली झाली तीही या देहावर. एका साहेबानं रांगेतून फिरताना त्याच्यापुढे उभं राहून शिपायाला सांगितलं होतं, 'याचं माप घ्या.' तुलारामला वाटलं, नवा गणवेश देतात. घरी त्यानं तसं कळवलंही.

ते निघालं पोलादाचं. मोठ्या लाकडी खोक्यांतून तीन कवचं आली होती, चाचणीसाठी. कागदावर त्यांना मोठं नाव होतं, शिपाई मात्र 'डबा' म्हणत. आज कोण डब्यात? तुलाराम डब्यात. छातीला आणि पाठीला पत्रे, खांद्यापासून मनगटापर्यंत तेलानं भरलेल्या नळ्या, पाठीवर घरघरणारी मोटर, डोक्यावर जाड काचेचं झाकण आणि तोंडासमोर बारीक जाळी. शहरातल्या गल्ल्यांमध्ये दंगल झाली, लष्कराच्या जवानाला किंवा पोलिसाला एकट्यानं शिरावं लागलं, की दगड लागू नये, सुरी लागू नये, आणि पडलेली भिंत एका माणसाला उचलता यावी, अशी त्यामागची कल्पना. उचलताही यायची. तुलारामनं भरलेली बैलगाडी एका बाजूनं उचलली होती. मैदानात टाळ्या पडल्या होत्या, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलं होतं. शेतकऱ्याच्या पोरानं जन्मभर ओझी वाहिलेली असतात, आणि इथं ओझ्याला वजनच नव्हतं. कवचात माणूस हात हलवायचा तेवढाच हलवतो, पण मोटर त्याचा जोर दहापट करून बाहेर देते. आतल्या हाताला मात्र काही कळत नाही. दगड धरला काय आणि धानाची पेंढी धरली काय, आत सारखंच, तेलकट रबराचा स्पर्श आणि आपलाच घाम. छातीजवळ एक खटका होता, तो खाली ओढला की जोर बंद. शिकवणारा साहेब रोज घोकून घ्यायचा, हुकूम नसेल तर खटका खाली. आणि आपण होऊन कुणापुढे हात करायचा नाही. तुलारामनं हे शंभर वेळा म्हटलं होतं. झोपेतही म्हणाला असता.

लाखनीच्या थांब्यावर गाडी बराच वेळ उभी राहिली. कंडक्टर चहाला गेला. उन्हानं पत्रा तापला, आणि आत कवचातला तोच वास आला, किंवा तुलारामला आला, डिझेलचा, तापल्या लोखंडाचा, आणि त्याखाली माणसांच्या घामाचा. त्यानं खिडकीबाहेर तोंड काढलं. आठ वर्षांपूर्वी, मोर्च्याच्या त्या दिवशी थंडी होती, पण कवचात थंडी नसायची. मोर्चा आपल्याच जिल्ह्याचा आहे हे सकाळीच कळलं होतं. तलावाचं पाणी धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचत नाही, पाटाची कामं अडली, म्हणून गावोगावचे लोक ट्रक भरभरून शहरात आले होते. तुलाराम चौकात उभा होता, तिन्ही कवचांतला मधला. काचेतून डोकी दिसत होती, पांढऱ्या टोप्या, खांद्यावर दुपट्टे, आणि त्याच्या मनात काय चाललं होतं तर यातलं कोण ओळखीचं निघेल. भीती नव्हती, उलट गावचं कुणी दिसावं अशी थोडी ओढच होती. मग मागून रेटा आला. पुढचे लोक दोरीवर ढकलले गेले, हुकूम झाला, तुलारामनं खटका वर केला आणि दोन हात आडवे धरून तो गर्दी थोपवू लागला. आणि त्याच्या हातापलीकडे, सात-आठ हातांवर, पुंडलिकराव होते. शेवंताचे सासरे. त्यांच्याबरोबर जावई केशव, बापाचा पंजा घट्ट धरून.

'इवाई, मांगं सरा जी,' तुलाराम जाळीतून म्हणाला. हे त्यानं बोलायला नको होतं, आणि तरी कोण बोलणार नाही? म्हातारा चेंगरेल म्हणून तो बोलला. पुंडलिकराव थबकले, इकडंतिकडं बघू लागले. मग केशव त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला, रेट्यात मागे दिसेनासा झाला, आणि म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. 'अरे! तुलाराम इवाई! हे काय घातलं जी आंगात?' आजूबाजूचे लोक त्या लोखंडापासून मागे सरत होते आणि पुंडलिकराव दोरीखालून वाकून पुढे आले. व्याह्याला भर चौकात, सरकारी थाटात, एवढ्या माणसांत पाहून त्यांची छाती फुगली होती. ते चहूकडे बघत हसले, लोकहो पाहा हा माझा इवाई, अशा नजरेनं, आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. तुलारामनं विचार केला नाही. त्यानं त्या क्षणाकडे आठ वर्षं पुन्हा पुन्हा बघितलं होतं आणि त्यात विचार कुठंच सापडला नव्हता. व्याही हात पसरतो तेव्हा आपण पसरायचे, हे साहेबाच्या शिकवणीपेक्षा जुनं होतं, पावलांना चालणं ठाऊक असतं तितकं जुनं. त्यानं त्यांना उजव्या बाजूनं धरलं. आणि भेट सैल होऊ नये म्हणून दाबलं.

आत काहीच कळलं नाही. हाताला कळलं नाही, छातीला कळलं नाही, फक्त मोटरचा सूर जरा बदलला. काचेपाशी पुंडलिकरावांचा कान होता, पांढरे केस होते. मग त्यांचं वजन खाली घसरू लागलं, आणि तरीही म्हाताऱ्यानं मान डाव्या खांद्याकडे वळवायला घेतली, दुसऱ्या बाजूच्या भेटीसाठी. ती वळलीच नाही पुरती.

मोर्च्यात मागाहून खरोखरच चेंगराचेंगरी झाली, त्यामुळे कागद सोपे झाले, पुंडलिकराव त्यातच सापडले असं लिहिलं गेलं. साहेबानं दार लावून सांगितलं, 'तू काही बोलायचं नाहीस. यंत्र सरकारचं, आणि तूही सरकारचा.' आठवड्याभरात डबे परत खोक्यांत गेले, चाचणी संपली. पुंडलिकराव तीन दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरनं विचारलं तेव्हा ते धापा टाकत म्हणाले, भीडीत चेंगरलो. तुलाराम साध्या कपड्यांत रोज जाऊन बसायचा, आपले पंजे मांडीखाली दाबून. म्हाताऱ्यानं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी, कुणी जवळ नसताना, डोळे मिटलेले असतानाच म्हणाले, 'इवाई, आपली डाव्या बाजूची राह्यली ना जी.' ही माफी होती की थट्टा, की नुसतं बरळणं, तुलारामला आजवर ठरवता आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको गोदावरीबाई गावाहून आली तेव्हा उशीर झाला होता. तिनं दवाखान्याच्या दारात केशवचे दंड धरून त्याला हलवलं. 'म्या सांगतलं होतं ना तुले, बाबाचा हात सोडजो नोको म्हनून? सांग, सोडला का नाई?' आणि केशव म्हणाला, 'सुटला माय. भीडीत सुटला.' तुलाराम चार हातांवर उभा होता. म्हणजे पोरानं काही पाहिलं नाही, असं त्यानं धरलं. त्याला हायसं वाटलं. त्या वेळी दुःखही होतं, भीतीही होती, पण सगळ्यांच्या आधी त्याला हायसं वाटलं, आणि ती गोष्ट तो स्वतःला कधी क्षमा करू शकला नाही. तेरवी झाल्यापासून गोदावरीबाई मुलाशी बोलत नाही, हे त्याला शेवंतानं सांगितलं होतं.

एकोडीला उतरला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. धान केव्हाच निघालं होतं, बांध्यांतून लाखोरीची रोपं सुकत उभी होती. केशव रस्त्यालगतच्या बांधीत होता. सासऱ्याला पाहून तो धावत आला, वाकून पाया पडला, पिशवी घेऊ लागला. तुलारामनं बघितलं, पस्तिशीतल्या माणसाच्या कानशिलावर सगळे केस पांढरे झाले होते. दोघं तलावाच्या पाळीवरून गावाकडे निघाले. लग्नाचं बोलणं झालं, पावसाचं झालं. तुलाराम थांबला.

'जवाईबापू, म्या आज तुमच्या मायले सांगनार हावो. त्या दिशी लोखंडात कोन होता ते.'

केशव पाण्याकडे बघत राहिला. तो दचकला नाही.

'मले मालूम हाय मामाजी,' केशव म्हणाला. 'बाबाले कमी आयकू येत होतं. तुमचा आवाज म्याच वळखला. म्याच सांगतलं, बाबा, मामाजी होत, भेट घ्या. अन् भेटाले दोन हात लागते. म्हून म्या हात सोडला.'

तुलारामला खाली बसावंसं वाटलं. पाळीवर बसायला दगडसुद्धा नव्हता. 'मंग मायले सांगतलं काहून नाई?' त्यानं विचारलं, आणि विचारताना त्यालाच लाज वाटली, कारण हा प्रश्न विचारायचा हक्क जगात ज्याला अजिबात नव्हता तो माणूस तोच होता.

'सांगतलं असतं तं शेवंताले तिनं उंबऱ्यात उभं केलं असतं काय? तवा पोरगं पोटात होतं.' केशवनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. 'तुमी आता सांगू नोका जी. तुमी सांगान अन् संध्याकाळच्या गाडीनं भंडाऱ्याले जान. तुमच्या जिवाले बरं वाटन. शेवंताले इथंच राहाचं हाय. माह्यं काय, मले सवय झाली.'

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तुलारामला धरायला काहीतरी मिळालं असतं. आठ वर्षं आपण एक ओझं वाहतोय असं तो समजत होता, आणि ओझं वाहत होता हा माणूस, आईच्या घरात, रोज, दोन्ही वेळच्या जेवणात, तुलारामच्या लेकीसाठी. दहा माणसांचा जोर ज्याच्या हातात होता त्यानं साधी जीभ उचलली नव्हती. तो म्हणाला, 'बरं.' त्याला खरंच वाटलं की हेच बरं. आणि या बरं वाटण्यातही ते जुनं हायसं वाटणं आहे, हे त्याला चार पावलं चालल्यावर कळलं.

शेवंता दारात पाण्याचा लोटा घेऊन आली. बापाला बघून तिचे डोळे भरले, पण सासूपुढं ती हसली. गोदावरीबाई ओसरीवर होती, पार सुकलेली. 'या जी इवाई, बसा,' ती म्हणाली. तुलारामनं अक्षता दिल्या, पत्रिका दिली. तिनं दोन्ही कपाळाला लावल्या. मग सुनेकडे वळून म्हणाली, 'बाई, त्याले सांग, इवायाले पानसुपारी आन म्हना.' केशव तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. शेवंता केशवला म्हणाली, 'पानसुपारी आना.' तो आत गेला. हे इतकं सहज झालं, या घराला त्याचा इतका सराव होता, की कोपऱ्यात खेळणाऱ्या नातवानंसुद्धा वर पाहिलं नाही. तुलारामनं ऐकलेलं होतं. डोळ्यांनी आज पाहिलं.

'लग्नाले म्या येनार,' गोदावरीबाई म्हणाली. 'ते असते तं चार दिस आंदी येऊन बसले असते. तुमच्यावर लय जीव त्याहिचा.' ती पत्रिकेवरचं कुंकू बोटानं चाचपत राहिली. केशव तबक घेऊन बाहेर आला आणि उभा राहिला. ती त्याच्याकडे न बघता बोलली, 'इवाई, तुमी पुलिसात होते. तुमी असल्या भीडी पाह्यल्या. एक इचारू? कोनाले इचारलं नाई म्या. यानं हात सोडला नसता, तं ते वाचले असते काय?'

ओसरीवर माशी घोंगावत होती. केशव तबकावरून तुलारामकडे बघत होता, आणि त्या नजरेत विनवणी होती. शेवंता चौकटीला टेकून उभी होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं, ती फक्त बापाच्या तोंडाकडे बघत होती, बाप आता काहीतरी बरं बोलेल म्हणून. एक शब्द पुरला असता. 'नाही', इतकाच. नशीब होतं म्हणायचं आणि पान खायचं. तुलारामनं तो शब्द जिभेवर घेतलाही. मग त्यानं केशवचे कान पाहिले, कानशिलावरचे पांढरे केस पाहिले.

'यानं हात भीडीत नाई सोडला,' तो म्हणाला. 'भेटीसाठी सोडला. त्याहिले भेट घ्याची होती. माह्याशी.'

'तुमच्याशी?'

'त्या दिशी लोखंडाच्या आंगात म्या होतो इहीनबाई. त्याहिनं हात पसरले. म्या त्याहिले छातीशी धरलं. चेंगरले ते माह्या हातात. पोराचा काई दोष नाई. आठ वर्ष म्या बोललो नाई.'

शेवंताच्या तोंडून 'बाबा' असं निघालं. ती चौकटीवरून सरकत खाली बसली, आणि पोराला ओढून तिनं त्याचं तोंड आपल्या पदरात घेतलं. तुलारामकडे तिनं बघितलं नाही. गोदावरीबाई त्याच्या मांडीवरच्या हातांकडे बघत होती, बराच वेळ, ते हात कुणाचे आहेत हे ठरत नसल्यासारखी. तुलाराम वाट बघत होता. तिनं मारावं, थुंकावं, शेवंताला घराबाहेर काढावं, काहीही करावं. तिनं अक्षता आणि पत्रिका उचलली, तुलारामच्या पिशवीत परत ठेवली, पिशवीचं तोंड नीट दुमडलं. मग ती उठली आणि तिनं मुलाकडे मान वळवली.

'केशव,' ती म्हणाली, 'पाहुन्याले गाडीवर सोडून दे बापा.'

केशवच्या हातातलं तबक कललं, सुपाऱ्या घरंगळून ओसरीभर पांगल्या. 'हव माय,' तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, 'हव माय,' आणि सायकल काढायला जायचं विसरून तिथंच उभा राहिला.